हवेच्या बोटीला सर्वांत मोठे इंजिन कशासाठी?

हवा भरून वापरायच्या छोट्या बोटींविषयी एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: बोटीच्या पाटीवर जी कमाल अश्वशक्ती लिहिलेली असते तेवढ्याच ताकदीचे आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगायचे, इंजिन घ्यावे, कारण जास्त ताकद म्हणजे जास्त सुरक्षितता, मोठे इंजिन हळू चालवले की पेट्रोल कमी लागते आणि ते जास्त टिकते, वजनातला फरक किरकोळ असतो, शाफ्ट (इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंतचा दांडा) लांब असलेला बरा, इलेक्ट्रिक मोटर हे खेळणे आहे, आणि उद्या मोठी बोट घेतली तर तेच इंजिन तिला चालते. पहिल्यांदा इंजिन घेणाऱ्या माणसाला असा ठाम सल्ला हवाच असतो, म्हणून तो विचार न करता स्वीकारला जातो. त्यातल्या काही विधानांत तथ्याचा अंश आहे आणि तो मी पुढे मान्य करणार आहे. परंतु सल्ला म्हणून तो चुकीचा आहे आणि त्यातला सुरक्षिततेचा भाग तर घातक आहे.

प्रथम पाटीविषयी. हवेच्या बोटींसाठी आयएसओ ६१८५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा पहिला भाग ४.५ किलोवॉटपर्यंतच्या, म्हणजे साधारण ६ अश्वशक्तीपर्यंतच्या बोटींना लागू होतो आणि दुसरा भाग ४.५ ते १५ किलोवॉटच्या बोटींना. पाटीवरचा अश्वशक्तीचा आकडा ही मर्यादा आहे: त्यापुढे बोटीची बांधणी आणि तिचा तोल यांची हमी निर्माता देत नाही. त्याच पाटीवर माणसांची संख्या आणि एकूण भारही लिहिलेला असतो. हे तिन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात, कारण इंजिन जितके जड तितका माणसांसाठी आणि सामानासाठी उरणारा भार कमी होतो. कमाल भाराचा आकडा वाचून कोणी बोट तेवढी भरून काढावी असे म्हणत नाही. अश्वशक्तीच्या बाबतीत मात्र नेमके तेच म्हटले जाते.

आता मुख्य मुद्दा: जास्त ताकद म्हणजे वारा, प्रवाह आणि लाटा यांच्याविरुद्ध जास्त सुरक्षितता. पाणी बाजूला सारत चालणाऱ्या कोणत्याही बोटीचा वेग तिच्या पाण्यातील लांबीने बांधलेला असतो. त्या लांबीचे मीटरमधले वर्गमूळ काढून त्याला ४.५ ने गुणले की ताशी किलोमीटरमध्ये ती मर्यादा मिळते. पाण्यातील लांबी २.५ मीटर असेल तर हा वेग ताशी ७ किलोमीटरच्या आसपास येतो आणि ३ मीटर असेल तर ८ च्या थोडा खाली. या वेगाजवळ पोहोचल्यावर बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. मग इंजिनाला कितीही ताकद द्या, मागचा भाग खाली बसतो, नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, वर उचलली जाते आणि वेग जेमतेम वाढतो. दोन माणसे बसलेली हलकी बोट या मर्यादेजवळ नेण्यास २.५ अश्वशक्तीचे इंजिन सहसा पुरते. त्यापुढची ताकद उपयोगी पडते ती एकाच अवस्थेत: बोट पाण्यावर उचलली जाऊन पृष्ठभागावरून घसरत धावू लागते तेव्हा, म्हणजे प्लेनिंगमध्ये.

प्लेनिंगसाठी तळ ताठ असावा लागतो. लाकडी पट्ट्यांचा गुंडाळता येणारा तळ असलेली बोट जोर दिल्यावर मधोमध वाकते आणि तिला प्लेनिंग कधी नीट साधत नाही. तिच्यावर मोठे इंजिन बसवणे म्हणजे निव्वळ ओझे वाढवणे. अॅल्युमिनियमच्या फळ्यांचा, ०.७ ते ०.८ बार दाबाचा हवेचा किंवा फायबरचा तळ असेल तर गोष्ट वेगळी. तरीही हिशोब करावा लागतो. ढोबळ अंदाज असा की, एका अश्वशक्तीमागे बोट, इंजिन, माणसे आणि सामान मिळून २० ते २५ किलोंपेक्षा जास्त वजन असू नये. ३ मीटरची ताठ तळाची बोट ४० किलो, ६ अश्वशक्तीचे इंजिन २६ किलो, इंधन आणि सामान १५ किलो आणि ७५ किलोंचा एक माणूस धरला तर बेरीज १५६ किलो होते, म्हणजे अश्वशक्तीमागे २६ किलो. एकटा माणूस असताना ही बोट कशीबशी उचलली जाईल. दुसरा माणूस बसला की आकडा ३८ वर जातो आणि प्लेनिंग संपते. ९.९ अश्वशक्तीचे ३८ किलोंचे इंजिन लावून दोन माणसे नेली तर आकडा पुन्हा २५ च्या जवळ येतो. तिसरा माणूस आला की ३२. म्हणजे नेहमी तीन-चार माणसे न्यायची असतील तर या आकाराच्या बोटीत कमाल अश्वशक्तीही बहुधा वेग देत नाही, फक्त वजन देते.

समजा बोट ताठ आहे, माणसे कमी आहेत आणि प्लेनिंग साधते. तरी सुरक्षिततेचा युक्तिवाद टिकत नाही, कारण ज्या परिस्थितीसाठी ही ताकद हवी असे सांगितले जाते त्याच परिस्थितीत ती वापरता येत नाही. वारा वाढला आणि उंच, आखूड लाटा उठल्या की तीन मीटरची बोट लाटांवर आपटू लागते, पंखा पाण्याबाहेर येऊ लागतो आणि चालकाला वेग कमी करून पुन्हा पाणी सारत चालणाऱ्या अवस्थेत यावेच लागते. तिथे लांबीची मर्यादा पुन्हा लागू होते. सपाट पाण्यावरच्या जोरदार प्रवाहात, उदाहरणार्थ ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी, वेगवान बोटीचा फायदा खरा आहे. परंतु ताशी ६ किलोमीटरपेक्षा जास्त प्रवाह असलेल्या जागी छोट्या बोटीने भरती-ओहोटीची वेळ पाहून जावे, हाच तिथला योग्य उपाय आहे.

उलट जास्त ताकदीमुळे एक धोका नव्याने निर्माण होतो आणि तो या सल्ल्यात कधीच सांगितला जात नाही. टिलर, म्हणजे इंजिन वळवण्याचा दांडा, धरून चालवणारा माणूस मागे बसतो, इंजिन मागे टांगलेले असते आणि इंधनाची टाकीही बहुधा मागेच ठेवलेली असते. माणूस एकटा असेल तर पुढे वजन जवळजवळ नसते. अशा वेळी थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी, वेग वाढवणारी झडप) एकदम उघडला की नाळ हवेत उठते, समोरचा वारा तिच्याखाली शिरतो आणि हलकी बोट मागच्या बाजूला उलटू शकते. माणूस पाण्यात पडतो आणि इंजिन चालूच राहिले तर रिकामी बोट गोल फिरत त्याच्याच दिशेने परत येते, तेही पंखा फिरत असताना. म्हणून इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी मनगटाला किंवा मांडीला बांधणे हे इंजिनाच्या आकाराच्या निवडीआधीचे कर्तव्य आहे. मोठे इंजिन घ्यायचेच असेल तर टिलरला लांब दांडा जोडून चालकाने पुढे सरकून बसावे आणि इंधनाची टाकी नाळेजवळ बांधावी. याशिवाय इंजिन जिच्यावर बसते ती मागची फळी हवेच्या नळ्यांना चिकटवलेली असते. नळ्यांतला दाब साधारण ०.२५ बार असावा लागतो. उन्हात फुगवलेली बोट थंड पाण्यात उतरली की तो कमी होतो, फळी डगमगू लागते आणि जड इंजिनाचा प्रत्येक धक्का त्या चिकटवलेल्या जोडावर येतो. पाण्यात उतरल्यावर दाब पुन्हा पाहून हवा भरून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

वजनातला फरक किरकोळ असतो, हे विधान आकड्यांपुढे टिकत नाही. २.५ अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन १३ ते १८ किलोंचे असते; एक माणूस ते एका हाताने उचलून बोटीवर बसवू शकतो. ६ अश्वशक्तीचे सुमारे २६ किलोंचे असते आणि डगमगत्या बोटीत ते एकट्याने फळीवर चढवणे पाठीसाठी आणि इंजिनासाठी दोन्हींसाठी धोक्याचे आहे. ९.९ अश्वशक्तीची इंजिने ३७ किलोंपासून ४५ किलोंपर्यंत असतात, म्हणजे अडीच मीटरच्या अनेक बोटींपेक्षा जड. शिवाय मोठ्या इंजिनांना वेगळी टाकी लागते; १२ लिटर पेट्रोलचेच वजन ९ किलोंच्या जवळ जाते. घडी करून ठेवता येणे हा ज्या बोटीचा मुख्य गुण आहे, तिला उचलता न येणारे इंजिन लावले की तो गुणच नाहीसा होतो. हलकेपणासाठी जुने टू-स्ट्रोक घ्यावे असेही सुचवले जाते. ते हलके असते हे खरे आहे, परंतु दर लिटरमागे सुमारे २० मिलिलिटर तेल मिसळावे लागते, धूर आणि पाण्यावरचा तवंग वाढतो आणि अनेक जलाशयांवर त्याला परवानगी नसते.

इथे एक बाब मान्य केली पाहिजे. काही निर्माते ४, ५ आणि ६ अश्वशक्तीची इंजिने १२३ घनसेंटिमीटरच्या एकाच यंत्रावर तयार करतात आणि त्यांचे वजन जवळजवळ सारखेच असते. निर्णय या तिघांतच करायचा असेल आणि पाटी परवानगी देत असेल, तर ६ घेण्यात वजनाचा तोटा नाही. प्रश्न येतो तो एका वजनगटातून दुसऱ्यात उडी मारताना.

मोठे इंजिन हळू चालवले की पेट्रोल वाचते, हा समज वेग आणि आकार या दोन गोष्टींची गल्लत करतो. पेट्रोल वाचते ते वेग कमी केल्यामुळे. पाणी सारत चालणाऱ्या बोटीला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ७ ऐवजी ६ किलोमीटरने चालले तरी ताकदीची गरज एक तृतीयांशाहून अधिक घटते. हा फायदा छोट्या इंजिनालाही तसाच मिळतो. उलट पेट्रोल इंजिन फार कमी भारावर चालते तेव्हा त्याची कार्यक्षमता घसरते, कारण जवळपास मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यातच त्याची शक्ती जाते. टिकण्याविषयी म्हणाल तर पाऊण थ्रॉटलवर चालणारे इंजिन सुखाने चालते यात शंका नाही. परंतु तासन्‌तास निष्क्रिय गतीच्या जरा वर रेंगाळणाऱ्या इंजिनाचा प्लग काजळतो आणि फोर-स्ट्रोक पुरेसे तापले नाही तर न जळलेले पेट्रोल तेलात उतरते. छोट्या इंजिनांचे खरे दुखणे वेगळेच आहे: कार्ब्युरेटरमध्ये राहिलेले शिळे पेट्रोल. त्याच्या बारीक जेटमध्ये चिकटा बसतो आणि पुढच्या खेपेला इंजिन सुरूच होत नाही. जास्त दिवस ठेवायचे असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवणे, इंजिनाच्या आकारापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

शाफ्टचा प्रश्न आवडीनिवडीचा नाही, मोजमापाचा आहे. आखूड शाफ्ट १५ इंचांचा, म्हणजे ३८ सेंटिमीटरचा असतो आणि लांब २० इंचांचा, म्हणजे ५१ सेंटिमीटरचा. मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून तळाच्या सर्वांत खालच्या रेषेपर्यंत मोजावे. पंख्याच्या वरची आडवी पट्टी त्या रेषेशी समपातळीत किंवा दोन-तीन सेंटिमीटर खाली यावी. बहुतेक छोट्या हवेच्या बोटींना आखूड शाफ्टच लागतो. लांब शाफ्ट लावला तर पाण्याचा रोध वाढतो, फवारा उडतो, पंखा उथळ पाण्यात तळाला लागतो आणि जोर खोलवर लागल्याने नाळ आणखी उचलली जाते.

इलेक्ट्रिक मोटर हे खेळणे आहे, या विधानामागे एक खरी अडचण आहे: साठवलेली ऊर्जा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॉट-तास उष्णता असते आणि तिच्यातला चौथा हिस्सादेखील पंख्यापर्यंत पोहोचत नाही. तरीही एक किलोवॉट-तासाची लिथियम बॅटरी अर्ध्या-पाऊण लिटर पेट्रोलइतकेच काम देते. एक किलोवॉटची मोटर त्या बॅटरीवर पूर्ण जोराने तासभर चालते. परंतु वर सांगितलेला घनाचा नियम इथे बाजू पालटतो: वेग निम्मा केला तर कागदावर आठपट वेळ आणि चौपट अंतर मिळते. वारा आणि लाटा यांमुळे प्रत्यक्षात ते कमी भरते, तरी नांगरलेल्या नौकेपासून किनाऱ्यापर्यंत जाण्या-येण्यासाठी, शांत तलावावर मासेमारीसाठी आणि पेट्रोल इंजिनांना बंदी असलेल्या पाण्यावर ही मोटर पुरेशी असते. सावध राहायचे ते पाउंडात सांगितलेल्या जोराबद्दल. ५५ पाउंडाची १२ व्होल्टची मोटर साधारण ५० अँपिअर ओढते, म्हणजे ६०० वॉट, एका अश्वशक्तीहून कमी. शिवाय तो जोर बोट जागेवर थांबलेली असताना मोजलेला असतो आणि वेगाविषयी काही सांगत नाही. शिसे-आम्लाची १०० अँपिअर-तासांची बॅटरी जोडली तर २५ किलोंहून अधिक वजन वाढते आणि तिची निम्मीच क्षमता सुरक्षितपणे वापरता येते. खुल्या समुद्रावर वाऱ्याविरुद्ध लांब परतायचे असेल तर पेट्रोल इंजिनच घ्यावे.

राहिला उद्याच्या मोठ्या बोटीचा मुद्दा. चार-साडेचार मीटरच्या पुढच्या अनेक बोटींची मागची फळी २० इंचांच्या शाफ्टसाठी बांधलेली असते, त्यामुळे आज घेतलेले १५ इंचांचे इंजिन तिथे हवा ओढेल आणि तापेल. आणि त्या बोटीसाठी म्हणून आजच लांब शाफ्ट घेतला तर तो सध्याच्या बोटीवर बसणार नाही. शिवाय साडेचार मीटरच्या बोटीला चार माणसांसह उचलायला ९.९ अश्वशक्तीही अपुरी पडते, म्हणजे इंजिन तेव्हाही नवेच घ्यावे लागेल आणि तोपर्यंत दर फेरीला चाळीस किलो उचलावे लागतील. ज्याला एक-दोन माणसांनिशी ताठ तळाच्या बोटीतून सपाट पाण्यावर दूर जायचे आहे, त्याने पाटी परवानगी देईल तेवढी ताकद जरूर घ्यावी. बाकीच्यांनी आधी आपल्या बोटीचा तळ पाहावा, माणसे मोजावीत आणि दुकानात इंजिन स्वतःच्या हाताने उचलून पाहावे.