‘मांजराला भुसा विकतात’ या तक्रारीवर आमचं म्हणणं

नमस्कार. आमचं खाद्य खाऊन तुमच्या बोक्याचं पोट बिघडलं, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. आता तो बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

पण एकच तारा देऊन तुम्ही लिहिलंत, ‘मांस महाग पडतं म्हणून भुसा भरतात, मांसाहारी प्राण्याला फायबर कशाला?’ ते फार लागलं. मांजर पक्कं मांसाहारी, मान्य. फायबर पचवणारी एन्झाइम त्याच्याकडे नसतात, हेही खरं. पण त्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यांवर पोसल्या जातात. उंदीर मारून खाणाऱ्या मांजराच्या पोटातही केस आणि कूर्चा जातातच की, तेही फायबरसारखंच काम करतात.

आणि भुसाच भरायचा असता तर नुसतं सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींचा चिवट तंतू, घातलं असतं. ते फारसं न आंबता शीवाटे बाहेर पडतं. आम्ही बीटचा चोथा घालतो, तो मध्यम आंबतो. सोबत इन्युलिन, म्हणजे पाण्यात विरघळणारं एक फायबर, पण अगदी थोडं, कारण ते भराभर आंबतं आणि जास्त झालं की गॅस, पातळ शी. पाकिटावरच्या ‘क्रूड फायबर’च्या आकड्यावरून तुम्ही हिशेब मांडलाय, पण तो आकडा ज्या चाचणीतून येतो, तिच्यात विरघळणारं फायबर बहुतेक धरलंच जात नाही.

आता बोलू नये, पण बोलावं लागतंय. ‘जुनं संपलं म्हणून रात्री वाटीभर हेच दिलं’ हे तुमचंच वाक्य. पाकिटामागे छापलंय, 7 ते 10 दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळत न्या. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या खाद्याची सवय एका रात्रीत होत नाही. कुणाचंही खाद्य, अगदी महागातलंसुद्धा, असं एकदम बदललं तर पोट बिघडू शकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा एक तारा हजर! बोक्याला वेळ दिला नाहीत, आम्हालाही नाही.

ती सूचना ठळक करायचं बघतो, इन्युलिनच्या प्रमाणाचाही विचार चालू आहे. पैसे परत हवे असतील तर उघडलेलं पाकीटही चालेल. शी पुन्हा पातळ झाली, त्यात रक्त दिसलं किंवा त्याने खाणं सोडलं, तर आमच्या उत्तरासाठी थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि जमलं तर त्या ताऱ्याचा फेरविचार करा. छोट्या धंद्याला तो फार दिवस नडतो.