१०० ऑक्टेनच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

मंडळी, "१०० ऑक्टेन पेट्रोल भरा, कुठल्याही गाडीची पावर वाढते" हा मेसेज रत्नागिरी-चिपळूणच्या ग्रुपांवर फिरतोय आणि मी पण तो पुढे पाठवला होता, तो चुकीचा आहे.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नाही हो, दाब नि उष्णता वाढली तरी स्पार्कने पेटलेली ज्योत पोचायच्या आधी उरलेलं पेट्रोल आपोआप पेटू नये, म्हणजे नॉकिंग होऊ नये, ही त्याची सहनशक्ती. साध्या ९१ ऑक्टेनवर बनवलेल्या इंजिनाला १०० घालून फारसं काही मिळत नाही, पैसे मात्र जातात.

ज्यांच्या टर्बो किंवा हाय कॉम्प्रेशन (इंजिनात जास्त दाब देणाऱ्या) गाड्यांना कंपनीनेच ९५ किंवा ९८ सांगितलंय त्यांची गोष्ट वेगळी, तिथे कमी ऑक्टेन टाकलं की नॉकिंग ओळखणाऱ्या नॉक सेन्सरचं ऐकून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्कचं टायमिंग मागे घेतो आणि पावर घटते. आणि रीमॅप केलेल्यांनो, म्हणजे ईसीयूचं सेटिंग (मॅप) बदलून घेतलेल्यांनो, मॅप ९८ चा असेल तर आंबा घाट मोठ्या गिअरात, कमी आरपीएमला पूर्ण ॲक्सिलेटर दाबून ९१ वर चढवू नका, पिस्टन जाऊ शकतो, खरंच काळजी वाटते म्हणून सांगतोय.

मॅन्युअल किंवा पेट्रोलच्या झाकणामागचा स्टिकर बघा, मी तिथेच बघितलं. तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर हा पण पाठवा.