‘अहिराणीत हे बसत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार. घरी एकट्याने सगळी वाद्यं वाजवून अहिराणीत पॉवर पॉप गाणी करा, असं मी लिहिलं होतं. त्यावर धुळ्याहून लिहिलेली तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार. तुमचे आक्षेप तीन : पॉवर पॉप (ठळक चालीचं, दणकट गिटारचं पॉप) ही बीटल्सची नक्कल आहे, एकट्याने सगळी वाद्यं वाजवली की गाणं निर्जीव होतं, आणि ‘बहिणाबाईंच्या अहिराणीत’ हा प्रकार बसतच नाही. वर तुम्ही ओळ दिलीत, ‘मी तुन्ही वाट देखस’, आणि म्हणालात, ‘ही इंग्रजी ठेक्यावर म्हणून बघा, हसू येतं.’

आधी किरकोळ दुरुस्ती. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली, अहिराणी नव्हे. आसोद्याकडे कुणीही सांगेल.

नकलेचा आक्षेप अर्धा मान्य. ‘पॉवर पॉप’ हा शब्द ‘द हू’ या बँडच्या पीट टाउनशेंडने १९६७ मध्ये वापरला, आणि पुढे बॅडफिंगर, रास्पबेरीज, बिग स्टार या बँडनी बीटल्स आणि बर्ड्सकडून उघड उघड घेतलं. पण घेतली ती मांडणी : तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, पहिल्या मिनिटाच्या आत ध्रुवपद, दोन-तीन आवाजांची जोड, बारा तारांच्या गिटारची झणझण आणि खाली दणकट ड्रम. गझलेचा मतला-मक्ता वापरला म्हणून आपण कुणाला नकलाकार म्हणत नाही.

एकट्याने वाजवण्याबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडेन. टॉड रंडग्रेनने १९७२ च्या दुहेरी अल्बमच्या चारपैकी तीन बाजू एकट्याने वाजवल्या. एमिट ऱ्होड्सने १९७० चा अल्बम आईवडिलांच्या घरी केला. नंतर कंपनीने दर सहा महिन्यांनी एक अल्बम मागितला आणि गडी त्यातच संपला. इलिनॉयमधल्या ‘शूज’ या बँडने १९७७ मध्ये घरच्या चार ट्रॅकच्या, म्हणजे चार स्वतंत्र पट्ट्यांच्या, टेप मशीनवर अल्बम केला. तीन ट्रॅक भरले की ते चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि तीन पुसून पुन्हा वापरायचे, ही चार ट्रॅकवाल्यांची रीत. प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर वाढते, म्हणून ड्रमचा आवाज किती ठेवायचा हे तिथेच ठरवावं लागे. लॅपटॉपवर ट्रॅकला तोटा नाही, त्यामुळे काहीच ठरत नाही आणि गाणं सहा महिने लोळत पडतं.

निर्जीवपणा येतो तो क्रमामुळे. बरेच जण क्लिकवर (लय देणाऱ्या टिकटिकीवर) गिटार, मग आवाज आणि शेवटी माउसने मांडलेले ड्रम असं करतात. उलट करा. क्लिकवर गिटार-आवाजाचा कच्चा ट्रॅक, त्यावर ड्रम, ड्रमच्या पायाशी बांधलेला बेस, मग कच्चा ट्रॅक बंद करून खऱ्या गिटारी. ड्रमकिट नसेल तर कीबोर्डच्या पट्ट्यांवर बोटांनी वाजवा आणि सगळे ठोके संगणकातल्या लयीच्या रेघेवर ओढू नका. मिनिटाला १३० ठोक्यांच्या लयीत एक मात्रा सुमारे ४६० मिलिसेकंदांची. स्नेअर ड्रम सातत्याने आठ-दहा मिलिसेकंद मागे पडला तर गाणं ऐटीत चालतं, तीसने पडला तर लंगडतं.

बारा तारांची गिटार नाही म्हणून अडू नका. बारा तारांचा एक संच आणा. नेहमीच्या गिटारवर तो भाग एकदा वाजवून रेकॉर्ड करा, हा एक पास. मग खालच्या चार जाड तारा काढून त्यांच्या जागी संचातल्या एक सप्तक वरच्या बारीक तारा चढवा, वरच्या दोन तशाच ठेवा, आणि तोच भाग पुन्हा वाजवा. तिसऱ्या तारेच्या जागची बारीक तार सर्वांत आधी तुटते. ती हळूहळू, खालच्या सुरातून वर चढवा. दोन्ही पास एकाच बैठकीत घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात, रेकॉर्डिंगला पंखा-कूलर बंद. खोली तापली की पोलादी तारा सैलावतात. पहाटेचा पास आणि दुपारचा पास एकमेकांवर ठेवलेत की गाणं बेसूर वाटतं आणि दोष बिचाऱ्या गिटारला.

आता तुमची ओळ. हसू येतं, कारण ‘मी’ समेवर पडतो. ‘मी तुन्ही’ समेच्या आधी उचला, ‘वाट’ समेवर टाका, ‘दे’ तिसऱ्या मात्रेवर ओढा, ‘खस’ चौथीवर तोडा. आता म्हणून बघा. मराठीतल्या ‘आहे’ला दोन अक्षरं लागतात, ‘शे’ एकात उरकतं. ठोकेबाज ध्रुवपदाला ही बोली मराठीपेक्षा सोयीची आहे.

जोडआवाजात दोन ठिकाणी घसरण होते. पहिली : मुख्य आवाजाच्या सरसकट दोन सूर वर गाणं. सा-ग-प या कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांवर) मुख्य आवाज ‘प’ला असेल तर वर ‘नि’ येतो, तो कॉर्डात नाही आणि टोचतो. तिथे तार ‘सा’ धरा. दुसरी खास अहिराणीची. ‘करस’, ‘जास’, ‘देखस’, वर्तमानकाळातली बहुतेक क्रियापदं ‘स’वर संपतात. तीन ट्रॅकवर तीन ‘स’ थोडे थोडे मागेपुढे पडले की कुकरची शिट्टी होते. जोडआवाजांनी ‘देख’वरच थांबायचं, ‘स’ फक्त मुख्य आवाजाने म्हणायचा.