खुलासा : युक्त्या घोटल्या की कोणताही उतारा समजतो?

'मुख्य कल्पना शोधा, अंदाज बांधा, सारांश लिहा. एवढं घोटून घेतलं की माध्यमिक शाळेतल्या मुलाला कुठलाही उतारा समजतो,' असा दावा सध्या फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे.

हे वाक्य घ्या : 'रात्रभर आभाळ भरलेलं होतं, त्यामुळे सकाळी गवत कोरडं होतं.' अवघड शब्द एकही नाही. पण निरभ्र रात्री जमीन उष्णता गमावून गार होते म्हणून दव पडतं, आणि ढग ही उष्णता बरीचशी अडवतात, हे ठाऊक नसेल तर 'त्यामुळे' कशामुळे ते कळत नाही. मग विद्यार्थी 'पाऊस पडला नाही म्हणून' असं ठोकून देतो. वाक्य दहा वेळा वाचूनही.

1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी 64 शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. खेळ जाणणारे कच्चे वाचक खेळ न जाणणाऱ्या पक्क्या वाचकांपेक्षा सरस ठरले.

युक्त्या टाकाऊ नाहीत. परिच्छेदागणिक थांबून स्वतःला प्रश्न विचारणं उपयोगीच. पण त्यासाठी वर्षभर कार्यपत्रिका कशाला? तो वेळ एकाच विषयावरचे तीन-चार उतारे सलग, सोप्याकडून अवघडाकडे, वाचण्यात घाला. आधी पाच-सहा कळीचे शब्द आणि एखादी आकृती पुरते. 'याबद्दल काय माहीत आहे?' एवढंच विचारून मात्र सोडू नका : चुकीची समजूत फळ्यावर तशीच राहिली, तर मूल उताराही तिच्याशी जुळवूनच वाचतं.