ताडोबाच्या बफरमधली जमीन: विकू नका, भाड्याने द्या

"फॉरेस्ट टच प्लॉट. गेटपासून पाच मिनिटं. सातबारा क्लिअर." ताडोबाच्या सफारी गेटांजवळच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव या बाजूच्या जमिनींच्या जाहिराती साधारण अशाच असतात. यातली सगळ्यात अडचणीची गोष्ट म्हणजे 'फॉरेस्ट टच', आणि जाहिरातीत भाव चढतो तो नेमका तिच्यावरच. म्हणून ही पोस्ट. घेणाऱ्यांसाठी थोडी, पण मुख्यतः ज्यांच्या नावावर तिथली शेतं आहेत त्यांच्यासाठी.

आधी एक गैरसमज. "गाव बफरमध्ये गेलं म्हणजे जमीन वनविभागाची झाली" असं अजूनही ऐकू येतं. तसं नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा. त्याभोवती २०१० मध्ये सुमारे ११०० चौरस किलोमीटरचं बफर जाहीर झालं. त्यात जंगल आहे, तशीच गावं, धानाच्या बांध्या, मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि खाजगी शेतंही आहेत. मालकी होती तशीच राहते. बदलतो तो जमिनीचा वापर. आणि वापरावरचा खरा लगाम बफरपेक्षा २०१९ च्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेतून येतो, जी दलाल कधी दाखवत नाही.

अशा अधिसूचनांमधली मुख्य अट अशी: अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आत नवीन व्यावसायिक हॉटेल-रिसॉर्ट नाही. निसर्ग पर्यटनासाठी लहान, तात्पुरती रचना चालते. स्थानिक माणसाला स्वतःच्या राहण्यापुरतं घर नियमानुसार बांधता येतं. १ किलोमीटरच्या पुढे पर्यटन आराखड्याप्रमाणे. म्हणजे जंगलाला जितकं चिकटून, तितकं कमी बांधता येणार. 'टच' प्लॉटला जादा भाव देणारा माणूस मनाईच विकत घेत असतो. अंतर मोजायचं ते संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून, सफारीच्या गेटपासून नाही. गेट रस्त्यावर कुठेही असू शकतं.

आता कागद. नुसत्या ऑनलाइन सातबाऱ्यावर व्यवहार करणं हा विदर्भात शुद्ध वेडेपणा आहे. सातबारा, आठ-अ आणि सगळे फेरफार तर हवेतच, पण १९५४-५५ चा अधिकार अभिलेख काढल्याशिवाय जमीन मुळात कोणाची आणि कोणत्या प्रकारची होती ते कळत नाही. जुन्या नोंदीत 'भूमिस्वामी' दिसलं तर साधारणपणे आजचा भोगवटादार वर्ग १. 'भूमिधारी' दिसलं तर ती वर्ग २ धरलेली असू शकते, म्हणजे हस्तांतरणाला परवानगी लागू शकते. मधेच कधीतरी वर्ग २ चा वर्ग १ झाला असेल तर तो कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेला, नजराणा भरला का, हे त्या फेरफारात वाचा. आदेश क्रमांक नसलेला फेरफार म्हणजे पुढच्या खटल्याची पहिली तारीख.

त्याच अभिलेखात आदिवासी खातेदार निघाला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि त्याआधी राज्य सरकारची मान्यता लागते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पुरते, पण ती आधी घ्यावी लागते. "एनए (बिगरशेती) करून घेऊ, मग हे कलम लागत नाही" असं सांगणारे भेटतात. लागतं. कलम भोगवट्याच्या हस्तांतरणावर आहे, जमिनीत धान पिकतं की स्विमिंग पूल आहे यावर नाही. इसारपत्र आणि कुलमुखत्यारपत्रावर ताबा घेऊन वर बांधकाम करणाऱ्यांची इमारत त्यांच्या हातात राहीलच याची काहीही शाश्वती नसते.

वनहक्काच्या पट्ट्याचं तर बोलायलाच नको. २००६ च्या कायद्याने मिळालेली जमीन वारसांना जाते, विकता येत नाही. तरी तिचे सौदे होतात, शंभराच्या स्टॅम्पवर.

झुडपी जंगल हा पूर्व विदर्भाचा स्वतंत्र घोळ. महसूल दप्तरात वर्षानुवर्षं 'झुडपी जंगल' म्हणून पडलेल्या जमिनी कायद्याने वनच आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केलं. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनी नियमित करण्याचा मार्ग ठेवला, त्यानंतरच्या वाटपाला कडक अटी घातल्या, आणि २५ ऑक्टोबर १९८० नंतरची व्यावसायिक अतिक्रमणं काढायला सांगितली. म्हणून शेजारचे गट नंबरसुद्धा तपासा. तुमचं शेत निर्मळ असेल, पण तिथं जायची वाट झुडपीतून असेल तर त्या वाटेवर मुरूम टाकायलाही वन कायद्याची परवानगी लागू शकते.

रस्त्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण फसगत इथं सर्वात जास्त होते. नकाशावर पांदण दिसली की दलाल "रस्ता आहे" म्हणतो. काही वेळा तीही नसते आणि "तहसीलदाराकडून कलम १४३ खाली काढून घेऊ" असं सांगितलं जातं. कलम १४३ शेतकऱ्याला शेजारच्या बांधावरून शेतीसाठी वाट देतं. बैलगाडी, ट्रॅक्टर, पीक. पाहुण्यांच्या बसगाड्या आणि काँक्रीटचे मिक्सर त्यात बसत नाहीत. बिगरशेती वापराला स्वतंत्र कायदेशीर पोचरस्ता दाखवावा लागतो. तो नसेल तर प्रस्ताव तिथंच अडकतो.

फार्महाऊस प्लॉटचंही तसंच. चार एकराचं शेत पाच-पाच गुंठ्यांत कापून विकतात. २०२३ पासून जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे, म्हणजे अर्धा एकर, आणि बागायतीचं १०. त्याखालचा शेतीचा तुकडा स्वतंत्र विकता येत नाही, मग सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं चढवायची युक्ती निघते. कुणाचा कोपरा कुठला, हे मग कोणीच सिद्ध करू शकत नाही. शिवाय घेणारा स्वतः शेतकरी नसेल तर बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन विकायला आडवं येणारं विदर्भाच्या कूळकायद्याचं कलम ८९ आहेच.

आता मुख्य मुद्दा. लोक विकतात याचं कारण हाव नाही. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) उभं पीक झोपवतात, रात्री जागलीला जायचं तर वाघाची भीती, मुलगा शेतीत राहायला तयार नाही. समोरून कोणी एकरकमी आकडा बोललं की माणूस सही करतो. पण अशा जागी शेतीच्या उत्पन्नावर जमिनीचा भाव ठरवणं चूक आहे, आणि विकल्यानंतर त्याच शेतावर चौकीदार म्हणून उभं राहणं त्याहून वाईट. भाडेपट्टा हा यावरचा सरळ उपाय आहे, नीट लिहिला तर.

पहिली पायरी: बिगरशेती शेतकऱ्याने स्वतःच्या नावावर करावी, आणि फक्त बांधकामापुरत्या तुकड्याची. पाच एकरातले २०-२५ गुंठे पुष्कळ झाले. उरलेलं शेत शेतच राहू द्या. शेतजमीन तशीच भाड्याने दिली तर विनापरवाना बिगरशेती वापराचा दंड मालकाच्या नावे निघतो, आणि समोरचा 'कसतोय' असा अर्थ लागला तर कूळहक्काचं भूत उभं राहतं. तुकडा शक्यतो गावाच्या आबादीजवळचा निवडा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत कलम ४२-ड मुळे बिगरशेतीची प्रक्रिया सोपी होते, वीज आणि पाण्याची लाइन छोटी लागते, आणि दिव्यांचा उजेड जंगलाकडे कमी जातो. संवेदनशील क्षेत्राची बंधनं मात्र या सवलतीने सुटत नाहीत.

दुसरी: मुदत. मुद्रांक शुल्क मुदतीवर बदलतं. पाच वर्षांपर्यंत बाजारमूल्याच्या १० टक्क्यांवर, दहापर्यंत २५, एकोणतीसपर्यंत ५० आणि त्यापुढे ९० टक्क्यांवर आकारणी होते. नूतनीकरणाचं कलम करारात घातलं तर ती वर्षंही मुदतीत धरतात. रिसॉर्टवाला तीस वर्षं मागेल. दहाच्या वर जाऊ नका, आणि करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवाच. सातबाऱ्यावर नाव असलेल्या बहिणींच्या सह्या आधी घ्या. त्या राहिल्या की पुढे सगळं राहतं.

तिसरी, करारातली वाक्यं. ठरावीक भाडं, शिवाय दर खोलीमागे हिस्सा, आणि दर तीन वर्षांनी वाढ. पोटभाडं नाही. जमीन बँकेत गहाण टाकायची मुभा नाही, हे वेगळ्या कलमात. बांधकाम उचलून नेता येईल असं हलकं, आणि मुदत संपल्यावर काढून न्यायची जबाबदारी भाडेकरूची, त्यासाठी सुरुवातीलाच अनामत. विजेचं व्यावसायिक कनेक्शन भाडेकरूच्या नावे. शेतीपंपाच्या लाइनवर खोल्यांचे एसी चालवले तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने बिल येतं आणि ते पंपाच्या मालकाच्या नावावर येतं, हे अनेकांना बिल हातात पडेपर्यंत माहीत नसतं.

कुंपण हाही करारातलाच विषय. चारही बाजूंनी साखळी जाळी मारली की जनावर थांबत नाही, वळतं, आणि वळून शेजाऱ्याच्या गोठ्याकडे जातं. वाघ, बिबट, अस्वल सगळेच नाल्याच्या काठाने चालतात. नाल्याच्या दोन्ही बाजूंना निदान १५ मीटर पट्टा मोकळा ठेवायचा आणि जाळी फक्त इमारतीभोवती, असं नकाशा जोडूनच लिहा.

एकट्याने हे सगळं पाळून शेजारच्याने शेत विकलं तर उपयोग अर्धाच. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा काढा. त्यावर नाले, पांदणी, मामा तलाव, निस्तारपत्रकातली (गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींच्या नोंदीतली) चराई आणि सरपणाची जागा रंगवा. वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या रूढ हक्कांच्या नोंदीत, गावाचे कोणते हक्क नोंदले आहेत तेही सोबत जोडा. संवेदनशील क्षेत्रासाठी सरकारने स्थानिक लोकांशी बोलून विभागीय आराखडा करायचा असतो. आराखडा करणाऱ्याच्या टेबलावर गावाचा नकाशा नसेल तर तो उपग्रहाच्या चित्रावरून रेघा मारतो, आणि त्यात तुमची चराई 'पडीक' होते. ग्रामसभेत ठराव घ्या, नकाशावर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीचा ग्रामसेवक) सही-शिक्का घ्या, एक प्रत उपवनसंरक्षकांना, एक तहसीलदारांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. तिन्ही ठिकाणची पोच तारखेच्या शिक्क्यासह ग्रामपंचायतीच्या फाइलला लावून ठेवा.