‘जड मशीन, ५० टेपर आणि काम फत्ते’: मोल्डसाठीच्या मोठ्या व्हीएमसीचं एक सूत्र तपासताना

टूलरूमच्या, म्हणजे साचे-डाय बनवणाऱ्या लोकांत व्हीएमसीबद्दल (उभ्या स्पिंडलचं संगणकनियंत्रित मिलिंग मशीन) एक सल्ला कायम फिरत असतो. तो साधारण असा: “डाय-मोल्डसाठी मोठी व्हीएमसी घ्यायची तर सगळ्यात जड मशीन घ्या. स्लाइड बॉक्स-वेच हव्यात, स्पिंडल ५० टेपरचा, गिअर हेडवाला. टेबल जॉबपेक्षा मोठं असलं की झालं. अचूकता ब्रोशरमध्ये लिहिलेलीच असते. कंट्रोलवर पैसे घालवू नका, तो नंतर वाढवता येतो.”

(बॉक्स-वे म्हणजे एकमेकांवर घसरणारे चौकोनी मार्ग. ५० टेपर म्हणजे टूल होल्डर बसवायच्या शंकूचं मोठं माप, ४० त्याहून लहान. गिअर हेड म्हणजे मोटर आणि स्पिंडल यांच्यात गिअर. कंट्रोल म्हणजे मशीन चालवणारा संगणक.) यातलं एखादं वाक्य अर्धं खरंही आहे. पण हा सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रफिंग (जादा माल भराभर काढणं) आहे, आणि मोल्डच्या कामात मशीनचे बहुतेक तास खातं ते फिनिशिंग (शेवटचा गुळगुळीत हात). म्हणून आधी एक हिशेब मांडू.

पृष्ठभाग १००० × ६०० मिमी, १० मिमीचा बॉलनोज (गोल टोकाचा टूल), स्टेपओव्हर, म्हणजे दोन रेघांमधलं अंतर, ०.३ मिमी. दोन रेघांमध्ये उरणाऱ्या वरंब्याची उंची म्हणजे स्टेपओव्हरचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट: ०.०९ ÷ ४०, सव्वादोन मायक्रॉन. टूलला कापायचं अंतर ६,००,००० ÷ ०.३, म्हणजे २० लाख मिमी, दोन किलोमीटर. मिनिटाला ३ मीटर फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) खरोखर मिळाला तर अकरा तासांच्या थोडं वर. प्रोग्रॅममध्ये ३००० लिहून सरासरी १५०० च मिळाला तर बावीस. तेवढ्या वेळात शॉपचं तापमान वरखाली होतं, स्पिंडल तापतो, आणि तरीही पहिली आणि शेवटची रेघ एकाच उंचीवर बसावी लागते. नाही बसली तर उरलेलं काम बेंचवर स्टोन मारून करायचं.

“सगळ्यात जड मशीन घ्या.” वजन किती, यापेक्षा ते कुठे आहे आणि त्यातलं हलतं किती, हे विचारा. सी-फ्रेममध्ये (एकाच खांबाची रचना) हेड, म्हणजे स्पिंडलचा भाग, कॉलमच्या पुढे लोंबतं. वाय ट्रॅव्हल (पुढे-मागे सरकण्याचं अंतर) ८००-९०० मिमीच्या पुढे गेला की ही लोंबकळ इतकी वाढते की जाड कास्टिंगही ती पुरती झाकू शकत नाही. त्यात कॉलमची स्पिंडलकडची बाजू मागच्या बाजूपेक्षा जास्त तापते आणि हेड हळूहळू मान हलवतं. डबल कॉलममध्ये (दोन खांबांवर आडवा पूल) रचना दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे ही तिरकी वाढ बरीच कमी होते.

आता हलणारं वजन. १२०० × ८०० × ५०० मिमीचा स्टीलचा ब्लॉक जवळजवळ ३७७० किलोचा भरतो. नेहमीच्या सी-फ्रेममध्ये तो एक्स आणि वाय दोन्ही दिशांना पळवावा लागतो. टेबल हलणाऱ्या डबल कॉलममध्ये फक्त एक्समध्ये. ब्रोशरमधलं ॲक्सलरेशन बहुतेकदा रिकाम्या टेबलचं असतं. पूर्ण भाराला सर्व्होचं (अक्ष हलवणाऱ्या मोटरचं) ट्यूनिंग कसं बदलतं, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. टेबल एक्सच्या टोकाला गेल्यावर सॅडलबाहेर (खालच्या आधाराबाहेर) किती लटकतं, तेही बघा. भारासकट दोन्ही टोकांना डायल लावून सरळपणा मोजला की उत्तर मिळतं. शिवाय जड मशीन कच्च्या फाउंडेशनवर बसवलं तर त्याचं वजनच त्याला पिळतं. लेव्हल दर मीटरला ०.०२ मिमीच्या आत आणून तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासावी लागते.

“टेबल जॉबपेक्षा मोठं असलं की झालं.” टेबलआधी स्पिंडल नोज ते टेबल हे अंतर बघा. ५०० चा ब्लॉक, खाली ५० ची प्लेट, वर ३०० गेज लेंग्थचा (नोजपासून टोकापर्यंतच्या लांबीचा) टूल: ८५० इथेच संपले. टूल बदलायला आणि जॉबवरून जायला आणखी ५०-१०० हवेत. नोज ८५० वरच थांबत असेल तर कितीही लांबरुंद टेबल कामाचं नाही. ब्लॉक क्रेनने वरून उतरवता येतो का, हा प्रश्न मशीन आल्यावर पडू नये इतकंच.

“स्लाइड बॉक्स-वेच हव्यात.” जाड, तुटक कटमध्ये बॉक्स-वेचं डॅम्पिंग चांगलं असतं, यात वाद नाही. अडचण आहे ती दिशा बदलताना. थ्रीडी फिनिशिंगमध्ये झेड सतत वर-खाली होतो. घुमटाच्या माथ्यावर अक्ष क्षणभर थांबतो, घर्षणाची दिशा उलटते, आणि थांबलेल्या स्लाइडला हलवायला चालत्या स्लाइडपेक्षा जास्त जोर लागतो. सर्व्हो तो जोर जमवेपर्यंत टूल आपल्या जागेवर नसतो. पॉलिश केल्यावर माथ्यावर जी बारीक रेघ चमकते, ती हीच. बॉलबार चाचणीत (मशीनला वर्तुळात फिरवून चूक मोजतात ती) वर्तुळाच्या चार टोकांना तिचे काटे दिसतात. रोलर प्रकारच्या एलएम गाइडमध्ये (रोलरवर धावणाऱ्या सरळ मार्गात) हे घर्षण कमी असल्याने काटे लहान राहतात. रोलरच म्हणतोय, बॉलवाले नव्हे. मोठ्या भाराला त्यांचा कडकपणा कमी पडतो. फोर्जिंग डायचं ओबडधोबड काम जास्त असेल तर बॉक्स-वे अवश्य घ्या. प्लास्टिक मोल्डसाठी मात्र तो हट्ट बेंचवरच्या माणसाला महाग पडतो.

“५० टेपर, गिअर हेड.” १० मिमीचा बॉलनोज ०.१ मिमी खोलीवर सपाट भागावर फिरतो, तेव्हा कापणारा व्यास जेमतेम २ मिमी असतो. १०,००० आरपीएमला कटिंग स्पीड मिनिटाला फक्त ६२ मीटर. ६००० च्या गिअर हेडवर ३७. दोन दात, दाताला ०.१५ मिमी धरले तर १०,००० वर फीड ३००० मिळतो, ६००० वर १८००. म्हणजे वरचा अकरा तासांचा जॉब साडेअठरा तासांवर गेला. भर म्हणून गिअरची उष्णता आणि कंपनं आहेतच.

“पण रफिंगचं काय?” ६३ मिमीचा पाच इन्सर्टचा हाय-फीड कटर घ्या. १५० मीटर स्पीडला साधारण ७६० आरपीएम, दाताला १ मिमी, खोली १ मिमी, रुंदी ४० मिमी. मिनिटाला १५० घन सेंटीमीटर माल निघतो आणि प्री-हार्डन्ड स्टीलमध्ये लागतात सव्वासहा किलोवॉटच्या आसपास, म्हणजे सुमारे ८० न्यूटन-मीटर टॉर्क. चांगल्या ४० टेपर स्पिंडललाही हे जमू शकतं. अट एकच: हा टॉर्क एस१, म्हणजे सतत चालण्याच्या रेटिंगचा हवा. ब्रोशरमध्ये ठळक छापलेला आकडा पुष्कळदा अर्ध्या तासाचा किंवा त्याहून कमी वेळेचा असतो.

५० टेपर खरा उपयोगी पडतो तो खोल कॅव्हिटीत. टूलची लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच बळाला तो आठपट वाकतो, आणि तिथे होल्डरचं जाड बूड लागतंच. म्हणून खोल आणि मोठ्या मोल्डसाठी गिअर नसलेला, १०,०००-१२,००० फिरणारा ५० टेपर किंवा एचएसके-ए१०० (होल्डरची आणखी एक पद्धत) हा मधला मार्ग आम्हाला जास्त पटतो. ३+२ हेड (टूल तिरका करून पक्का धरणारं) परवडत असेल तर टूलच आखूड होतो आणि अर्धा वाद मिटतो.

“अचूकता ब्रोशरमध्ये असते.” कोणत्या मानकाने मोजलेली? जेआयएसचा (जपानी मानकाचा) आकडा आयएसओ २३०-२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या आकड्यापेक्षा सहसा लहान दिसतो, कारण आयएसओमध्ये वारंवार मोजताना पडणारा फरकही धरतात. मशीन तेच, आकडे दोन. आणि दोन्ही आकडे एकेका अक्षाचे, एका रेषेवरचे, न कापता घेतलेले.

मोल्ड बिघडवते ती उष्णता. स्टील दर मीटरला, दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. १२०० मिमीचा ब्लॉक ६ अंशांनी तापला तर ८३ मायक्रॉन. मशीन आणि ब्लॉक सारखेच तापले तर फार बिघडत नाही. पण पावणेचार टनांचा ब्लॉक तापायला-निवायला कित्येक तास घेतो आणि अक्ष सरकवणारा बॉलस्क्रू अर्ध्या तासात गरम होतो, गोंधळ तिथे आहे. लिनिअर स्केल (अक्षाची जागा थेट मोजणारी पट्टी) बॉलस्क्रूची वाढ पकडतं, म्हणून मोठ्या ट्रॅव्हलवर ते घ्याच. पण स्पिंडलची वाढ आणि हेडचं झुकणं स्केलला दिसत नाही.

त्याची चाचणी अशी करा. सकाळी थंड मशीनवर फिनिशिंगचा टूल लावून फिनिशिंगच्याच आरपीएमवर स्पिंडल चालू करा. चार तास, दर १५ मिनिटांनी, टूल सेटरवर लांबी मोजा. सुरुवातीला आणि शेवटी स्पिंडल थांबवून ३०० मिमीचा टेस्ट बार लावा आणि वरच्या व खालच्या टोकाला वाय दिशेने डायल घ्या. दोन टोकांच्या फरकातला बदल म्हणजे हेडचं झुकणं. (बार लावून १०,००० वर फिरवू नका, तो त्यासाठी नसतो.) ३० मायक्रॉन वाढून तासाभरात स्थिर होणारं मशीन चालेल. १० मायक्रॉनमध्येच पण दिवसभर डोलत राहणारं नको, कारण त्यासाठी वॉर्म-अपचा उपाय नाही.

“कंट्रोल नंतर वाढवता येतो.” ०.१ मिमीचे तुकडे ६ मीटर फीडने चालवायचे तर सेकंदाला प्रोग्रॅमच्या १००० ओळी, म्हणजे १००० ब्लॉक (स्टीलचा नव्हे), लागतात, एका ब्लॉकला एक मिलिसेकंद. ब्लॉकला चार मिलिसेकंद घेणारा कंट्रोल दीड मीटरवर अडकतो, मग रॅपिड (न कापता धावण्याचा वेग) ४० मीटरचा असो. लुक-अहेडचंही (पुढच्या ओळी आधीच वाचण्याचं) तसंच. मिनिटाला १२ मीटर वेगात, २ मीटर प्रति सेकंद वर्ग मंदनाने थांबायला १० मिमी लागतात, म्हणजे १०० ब्लॉक. जर्क (वेग बदलतानाचा झटका) मर्यादित ठेवायचा तर आणखी. फानुकचा जी०५.१ क्यू१, सीमेन्सचं सायकल ८३२, हायडेनहाइनचं सायकल ३२ ही सगळी वेग आणि टॉलरन्सची सांगड घालण्याची साधनं आहेत. यातले काही पर्याय नंतर उघडता येतात, पण कमी ताकदीची मोटर, ड्राइव्ह आणि नसलेलं स्केल सॉफ्टवेअरने येत नाही.

ऑर्डरआधी स्वतःचा ब्लॉक, स्वतःचे टूल आणि स्वतःच्या कॅमचा (टूलचा मार्ग काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा) प्रोग्रॅम घेऊन ट्रायल मागा. कॉर्ड टॉलरन्स (वक्र आणि त्याच्या सरळ तुकड्यांमधला चालणारा फरक) ०.००५ मिमी ठेवा. एक घुमट, एक उभी भिंत, एक तीक्ष्ण कोपरा, आणि झिगझॅग पास. जाण्याच्या आणि येण्याच्या रेघा वेगळ्या चमकल्या तर लॉस्ट मोशन (दिशा बदलताना हरवणारी हालचाल) आहे. टेबलच्या चार कोपऱ्यांत छोट्या सपाट पायऱ्या कापा, स्पिंडल आठ तास चालवा, मग त्याच टूलने त्याच झेडला शेजारी दुसरी पायरी कापा आणि फरक मोजा. कॅमने सांगितलेला वेळ आणि घड्याळाने दाखवलेला वेळ दोन्ही लिहून घ्या. पायऱ्यांच्या फरकाची मर्यादा आणि हा वेळ करारात आकड्यांनिशी नमूद करा, आणि हीच चाचणी मशीन तुमच्या फाउंडेशनवर बसल्यावर पुन्हा होईल, हेही.