लिंक रॉड लांब की आखूड? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस या गाडीच्या सस्पेन्शनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं वाचलं. दोन ओळींत भागणारं नाही, म्हणून इथे सवडीने उत्तर देतो. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमच्या मते स्टॅबिलायझर बारच्या (वळणात गाडीचा कल आवरणारा आडवा दांडा) लिंक रॉड (त्याची टोकं सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या कांड्या) बदलणं हे लिफ्टवरचं अर्ध्या तासाचं काम. त्यासाठी गाडी जमिनीवर उभी करा, ड्रायव्हरच्या सीटवर वजन ठेवा, हे सगळं थोतांड. गाडी लोअर केली, म्हणजे खाली बसवली, की लिंक आखूड लागते, हे गॅरेजमधलं पोरगंही सांगेल. आणि तुमच्या एका गिऱ्हाइकाची गाडी नुसत्या ॲडजस्टेबल (लांबी बदलता येणाऱ्या) लिंक टाकून वळणात कडक झाली, तेव्हा 'लिंकने बार कडक होत नाही' हे माझं वाक्य खोटं.

कंपनीच्या उंचीवरच्या गाडीला कंपनीच्याच लिंक टाकायच्या असतील तर तुमचं अर्धा तास बरोबर आहे. दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असलेली लिंक कुठल्याही कोनात कसली तरी चालते, जॉइंट आपोआप फिरतो. अट एकच, दोन्ही चाकं सारखी लोंबकळलेली हवीत. एकाच बाजूला जॅक लावून काम करणारे मी बरेच पाहिलेत. अशा वेळी बारला पीळ बसलेला असतो, स्टड (जॉइंटचा आटे असलेला दांडा) भोकातून निघत नाही, मग हातोडी येते आणि आटे जातात. दुसरी खोड एअर गनची. स्टड आतून ॲलन किंवा स्प्लाइन बिटने धरून नट पान्याने फिरवायचा असतो. गन लावली की नटाबरोबर स्टडही गरगरतो आणि नव्या लिंकचं रबरी बूट पहिल्याच दिवशी फाटतं.

पण मी लिहिलं होतं ते कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग आणि शॉकचा संच) टाकून खाली बसवलेल्या गाडीबद्दल. तिथे प्रश्न नट कसण्याचा नाही, लांबी ठरवण्याचा आहे.

'लोअर केली की आखूड' हे ज्या गाडीत लिंक चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या खालच्या आर्मला लागते आणि बारचं टोक आर्मच्या वर असतं, तिथे बरोबर आहे. गाडी 30 मिमी खाली आली म्हणजे बॉडीच्या हिशेबाने चाक आणि आर्म वर गेले. आर्मने लिंकला ढकललं, लिंकने बारचं टोक वर नेलं. ते टोक मूळ जागी आणायचं तर लिंक तेवढी आखूड करावी लागते. आता 2017 मध्ये आपल्याकडे आलेली ऑक्टाव्हिया आरएस 230 घ्या. हिच्या पुढच्या लिंकचं वरचं टोक स्ट्रटवरच्या (स्प्रिंग आणि शॉकच्या उभ्या खांबावरच्या) कानाला असतं आणि बार खाली लटकतो. चाक वर गेलं की कान वर जातो आणि लिंक बारला वर खेचते. इथे टोक जुन्या जागी आणायचं तर लिंक लांब करावी लागेल! तरीही या घराण्यातल्या लोअर केलेल्या गाड्यांना लोक आखूड लिंक लावतात, पण त्याचं कारण वेगळं आहे. गाडी बसली की चाक फिरवणारा ड्राइव्हशाफ्ट बारच्या जवळ येतो आणि खड्ड्यात घासतो, म्हणून बार मुद्दाम आणखी वर उचलून जागा करायची. त्यात भर म्हणजे प्रत्येक कॉइलओव्हरवर तो कान कंपनीच्याच उंचीवर असेल याची खात्री नाही. काहींत खालचा ब्रॅकेटच आट्यांवर वरखाली होतो, मग सगळा हिशेब पुन्हा करायचा. म्हणून मी लेखात आकडा दिला नव्हता. खाली वाकून बघावं, बारचा हात आणि लिंक यांच्यात साधारण काटकोन राहतो का, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर शाफ्ट, ब्रेकचा होज, चाक यांपैकी कशाला काही लागत नाही ना.

आता सीटवरच्या वजनाचं. कॉइलओव्हरची उंची बहुतेक ठिकाणी फेंडरच्या फटीत बोटं घालून ठरवतात, त्यामुळे डावं-उजवं चार-पाच मिमी इकडेतिकडे असतंच. त्यात आपला चालक उजवीकडे. दोन्ही लिंक सारख्या लांबीच्या लावल्या की गाडी सरळ उभी असतानाही बारला थोडा पीळ राहतो. तो पीळ पुढच्या एका चाकावर वजन टाकतो आणि दुसऱ्यावरून काढतो, मागच्या चाकांवर नेमकं उलट. मग गाडी डावीकडे एक वागते, उजवीकडे दुसरं. रोज ऑफिसला जाणाऱ्याला हे कधीच जाणवणार नाही, तेवढ्यासाठी त्याने खर्चही करू नये. पण जाड बार टाकून कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला ट्रॅक डे करणाऱ्याला, म्हणजे स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर पळवणाऱ्याला, नक्की जाणवतं, आणि माझा लेख त्याच्यासाठीच होता.

पद्धत फार अवघड नाही. आधी गाडी समतल जागी, चारही चाकांवर. गॅरेजची फरशी समतल आहे असं गृहीत धरू नका. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी चाकांपाशी धरून बघा, फरक लगेच दिसतो. खालून हात घालायला चार खांबी लिफ्ट किंवा जुन्या गॅरेजमधला खड्डा उत्तम. लिफ्टवरून उतरवलेली गाडी थोडी पुढेमागे ढकलून घ्यायची, कारण टायर जमिनीला धरून बसतात आणि सस्पेन्शन पूर्ण खाली येत नाही. मग सीटवर चालकाच्या वजनाइतकं काहीही ठेवा, माणूसच हवा असं नाही. एका बाजूची लिंक पूर्ण लावा. दुसऱ्या बाजूचं एक टोक लावून मधला भाग फिरवत राहा. एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्याला उलटे आटे असल्याने लिंक न काढता लांबी बदलते. स्टड भोकात बोटाने, जोर न लावता सरकला की तीच लांबी. आटे दोन्ही टोकांना सारखे आत राहू द्या, 10 मिमीच्या आट्याला किमान 10 ते 15 मिमी. चेकनट (लांबी पक्की धरणारा नट) कसताना दोन्ही जॉइंट एकाच रेषेत आहेत ना बघा. एक तिरका राहिला की चाक खाली-वर होताना तो अडतो आणि टकटक सुरू होते. मग लोक त्या आवाजापायी स्ट्रटच्या डोक्यावरचं टॉप माउंट बदलत बसतात. काहीशे किलोमीटरनंतर चेकनटावर पुन्हा एकदा पाना.

(मागच्या लिंकबद्दलही कुणीतरी विचारलं होतं. आरएसला मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाक वेगवेगळ्या आर्मवर) सस्पेन्शन आहे, तेव्हा तिथेही हेच. पोलोला मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच पिळणारा आडवा तुळईसारखा भाग, तिथे लिंकच नाहीत.)

आणि कडकपणा. बारचा कडकपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर जातो. भरीव बार 24 ऐवजी 26 मिमीचा घेतला तर सुमारे 38 टक्के वाढ. बारच्या टोकाला दोन-तीन भोकं असतील तर आतल्या भोकात लिंक लावल्यावर हात आखूड होतो आणि बार कडक लागतो. लिंकची लांबी या हिशेबात जवळपास येतच नाही. मग तुमच्या गिऱ्हाइकाला फरक कसा जाणवला? मला त्याच्यावर अविश्वास नाही. जुन्या बॉल जॉइंटला ढिलाई आली असेल तर वळणात आधी ती ढिलाई संपते आणि मग बार काम करू लागतो. नवी लिंक टाकली की बार लगेच पकडतो. कंपनीच्या नव्या लिंकनेही तेच झालं असतं, आणि आपल्या पावसाळ्याचा चिखल बघता बूट असलेला बंद जॉइंट ॲडजस्टेबल लिंकच्या उघड्या रॉड एंडपेक्षा (बूट नसलेल्या जॉइंटपेक्षा) जास्त टिकला असता.

त्या जुन्या लिंक अजून भंगारात पडल्या असतील तर स्टड दोन बोटांत धरून हलवून बघा. बोटाने सहज डुलला तर उत्तर मिळालं. घट्ट असेल तर गाडी परत बोलवा, समतल जागी एका बाजूची लिंक सोडा आणि स्टड भोकाच्या समोर येतो का ते पाहून इथेच कळवा.